अप्पेना म्हणजे किती?

पडदा वर जातो. रंगमंच लहानच आहे, दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद. मागच्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पोटं उघडी टाकलेली अकॉर्डियन, कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या दातांसारख्या पडलेल्या. डावीकडे रस्त्यावर उघडणारी खिडकी, तिच्या काचेच्या फटींत कापूस कोंबलेला, बाहेरचे आवाज आत येऊ नयेत म्हणून. मधोमध टेबल. टेबलाच्या फळीत एक चौकोनी भोक आणि खाली पायाने दाबायचा भाता. भोकावर बाजाची एक पोलादी जीभ ठेवायची, पाय दाबायचा, की जीभ बोलते. टेबलामागे स्टुलावर एक बाई बसली आहे. वय एकोणसाठ, चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. दार उघडतं, गिऱ्हाईक आत येतं, बोलायला तोंड उघडतं, आणि या नाटकातलं पहिलं वाक्य येतं.

"चूप."

एवढंच. गिऱ्हाईक जागच्या जागी थांबतं. बाईचा पाय खाली जातो, एक सूर निघतो, तो पार विरेपर्यंत ती बसून राहते, मग डोळे उघडून म्हणते, "हं, बोला."

यावरून तिचं नाव चूपताई पडलं. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना कपाटामागे पडला होता. परवाना तपासायला आलेल्या माणसालासुद्धा तिने आधी चूप केलं होतं, आणि तो बिचारा दाराशी टोपी हातात घेऊन पाच मिनिटं उभा राहिला होता.

दुकान वडिलांचं. वडिलांनी तिला सहाव्या वर्षी टेबलाखाली भाता दाबायला बसवलं आणि दहाव्या वर्षापर्यंत कानशीला हात लावू दिला नाही. "आधी ऐक," ते म्हणायचे, "ऐकून झालं की पुन्हा ऐक. मग बघू." मोठा भाऊ या ऐकण्याला कंटाळून छापखान्यात गेला, ती राहिली. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "बोलका नवरा दुकानात परवडला नसता आणि मुका घरात." भाऊ वारल्यावर भावजय आणि ती अशा दोघीच उरल्या, दुकानामागच्या दोन खोल्यांत. वहिनी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी, तरी तिला कौतुकाने आणि खोचकपणे वन्सं म्हणायची. वन्सं चूप करणाऱ्या, वहिनीच्या जिभेला हाड नाही. जोडी जमली होती.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट आहे. एका सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अकॉर्डियनवादक. पस्तीस वर्षं थिएटरात पडद्याच्या पुढे वादकांच्या खड्ड्यात बसून वाजवलं, आणि थिएटर बंद पडल्यावर शेजारच्या गल्लीतल्या नाचाच्या वर्गात रोज दुपारी वाजवायला जाऊ लागले. पाठीवर बाजा, हातात काठी, आणि अंगात तो कोट, ज्याचा डावा खांदा पट्ट्याने घासून काचेसारखा चकाकत होता.

त्यांनी बाजा टेबलावर ठेवला आणि चूप म्हणायची वाटही न बघता गप्प उभे राहिले. चूपताईने ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

वर्गाच्या कोठीत वरच्या मजल्याचा नळ फुटला होता. सुट्टीतले आठ दिवस बाजा ओल्या पेटीत पडून होता. ताईने पोट उघडलं. खालच्या सुरांच्या सहा जिभा गंजून तांबूस झाल्या होत्या. वाजवल्यावर त्यांतून जो आवाज आला त्याला मास्तर म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाचं घोरणं. हुबेहूब."

"दुसऱ्या बसणार नाहीत," ताई म्हणाली. "या बाजाच्या जिभा नेहमीपेक्षा केसभर अरुंद आहेत. ज्याने बनवला त्याच्याच हातच्या हव्यात."

"तो इटलीत आहे. असला तर."

"पत्र टाकते."

"लवकर टाक. नाचाच्या बाईंनी एक यंत्र आणलंय, टेप लावली की वाजतं. ते ना चुकतं, ना खोकतं, ना त्याला मधे चहा लागतो. पहिल्या तारखेला नवा वर्ग सुरू होतोय. बाई म्हणाल्या, मास्तर, तोवर बाजा सुरात असेल तर तुम्ही, नाहीतर यंत्र." मास्तरांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "बाई चांगल्या आहेत गं. पण बेसूर बाजावर मुलींना कसं नाचवणार? त्यांचंही बरोबरच आहे."

पहिली तारीख नऊ आठवड्यांवर होती.

पाचव्या आठवड्यात इटलीहून पुडकं आलं. लाकडी डबीत, तेलकट कागदात गुंडाळलेल्या आठ जिभा, प्रत्येक आपल्या पट्टीवर रिव्हेट केलेली. सहा हव्या होत्या. बाजा बनवणाऱ्या म्हाताऱ्याने चुकीला वाव म्हणून दोन जास्त घातल्या होत्या. सोबत त्याच्या सुनेची इंग्रजीतली चार ओळींची चिठ्ठी, ती नाक्यावरच्या डॉक्टरांनी वाचून दाखवली: सासरे एक्क्याण्णव वर्षांचे आहेत, कारखाना बंद झाला, पोलादाचा शेवटचा तुकडा होता तो यात संपला, याउपर जिभा मिळणार नाहीत, सूचना त्यांनी स्वतः लिहिल्या आहेत. आणि एक मोठा कागद, दोन्ही बाजूंनी थरथरत्या अक्षरात भरलेला, अथपासून इतिपर्यंत इटालियन.

चूपताई उठून उभी राहिली. ज्या कारखान्याचं नाव वडील पाय दुखत असले तरी उभं राहून घ्यायचे, तिथल्या कारागिराने तिच्यासाठी लिहिलं होतं. तिने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून प्रवाशांसाठीचं एक खिशात मावणारं इटालियन-मराठी पुस्तक आणलं, शब्दाला एकच अर्थ आणि एकच वाक्य अशा थाटाचं. सलग चार संध्याकाळी ती कागदाशी झगडली. बरंच उलगडलं, कारण धंदा तिचाच होता. मेण म्हणजे मेण आणि राळ म्हणजे राळ. पण एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. तिने मोजला, अकरा वेळा. अप्पेना.

खिशातल्या पुस्तकात तो सापडला. 'अप्पेना: लगेच, -ताच. उदाहरण: अप्पेना आर्रीवो, ती क्यामो. पोचताच फोन करतो.'

तिने कागदातलं वाक्य लावून पाहिलं. चेरा अप्पेना शोल्ता, मेण वितळताच. बरोबर. मेण वितळल्यावर रेंगाळलं तर जळतं, हे तिलाही माहीत होतं. अर्थ पक्का झाला. मग खालचं वाक्य, दोनदा अधोरेखित केलेलं: ग्रात्तारे अप्पेना. आस्कोल्तारे. लगेच खरवडा. ऐका.

ती थबकली. वडिलांनी शिकवलं होतं त्याच्या हे बरोबर उलटं. आधी ऐकायचं, मग हात. इथे आधी हात, तोही लगेच.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"बाबा चुकीचं शिकवून गेले बहुतेक."

"मामंजी? ते घड्याळ बंद असलं तरी दिवसातून दोनदा त्याचं ऐकायचे. ते कसले चुकतायत."

"अगं, पण हे बनवणाऱ्याने लिहिलंय. तोच सांगतोय, घुटमळू नका."

तिने पहिली जीभ टेबलावर लावली. जिभेच्या मुळाशी खरवडलं की सूर उतरतो, टोकाशी खरवडलं की चढतो, इतकं या विद्येचं मूळ. म्हाताऱ्याने जिभा किंचित चढ्या सुरात पाठवल्या होत्या. ताईने पोलादी ओरखणी हातात घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा, सूर पुरता न ऐकता, मुळाशी एक ठाम ओढ दिली. पाय दाबला. सूर धाडकन अर्ध्या पायरीने खाली गेला होता. तिने टोकाशी खरवडून वर आणायचा प्रयत्न केला. आला वर, पण अंगातलं मांस गेल्यासारखा, पिचका. घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही.

तिला वाटलं आपला हात जड पडला. दुसरीला तिने ओढ लहान दिली, पण तितकीच तडकाफडकी, लगेच म्हणजे लगेच. दुसरीही गेली.

त्या दुपारी दुकानात तिने कुणालाही चूप केलं नाही. वहिनीने दारातून डोकावून पाहिलं, काही न बोलता चहा ठेवला आणि गेली. वहिनी न बोलता गेली म्हणजे घरात काय अवकळा असेल ती समजावी.

संध्याकाळी ताई ओरखणी खणात टाकून सरळ मास्तरांच्या खोलीवर गेली. तिला तीन जिने चढून जावं लागलं, आणि लपवायचं असतं तर त्या तीन जिन्यांवर तीस निमित्तं सापडली असती. मास्तर खिडकीशी बसून रिकाम्या मांडीवर बोटं फिरवत होते, बाजा असल्यासारखी.

"दोन जिभा मी बिघडवल्या," ती उभ्यानेच म्हणाली.

मास्तरांची बोटं थांबली. "उरल्या किती?"

"सहा."

"लागतात किती?"

"सहा."

"वा. म्हणजे आता चुकायची सोयच उरली नाही." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.  "चाळीस वर्षांत तू बाजा बिघडवल्याचं मी ऐकलं नाही. काय झालं?"

"एक शब्द कळला नाही."

"शब्द? अगं, तू तर सुराची माणूस."

"तेच चुकलं माझं. कागदावर विश्वास ठेवला आणि कानावर नाही. आता तो शब्द कळल्याशिवाय मी त्या सहांना हात लावणार नाही."

"पहिली तारीख साडेतीन आठवड्यांवर आहे."

"माहीत आहे."

"आणि नाही कळला तर?"

"तर सहाच्या सहा जशा आल्या तशा डबीतून परत तुमच्या हातात देईन. दुसरा कुणी शहाणा भेटला तर त्याच्याकडे न्या."

मास्तर हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "दुसरा शहाणा असता तर मी चाळीस वर्षं तुझं चूप ऐकून घेतलं असतं होय?"

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर पाटी लागली: 'दुपारी बंद'. गल्लीला वाटलं बाई आजारी. बाई सार्वजनिक वाचनालयात होती. तिथे टेबलाला साखळीने बांधलेला एक मोठा इटालियन कोश होता, दोन हातांनी उचलावा असा. निवृत्त झालेले भाषेचे एक शिक्षक तिथे रोज वर्तमानपत्राच्या आड डुलक्या घेत; त्यांना तिने जागं केलं आणि शेजारी बसवलं. कोशात अप्पेनाला अर्धं पान होतं. शिक्षकांनी वाचून दाखवलं. एक, -ताच. दोन, नुकतंच. तीन, जेमतेम, कसंबसं, अगदी थोडं. सी वेदे अप्पेना म्हणजे जेमतेम दिसतंय. आणि मुळात, शिक्षक म्हणाले, हा शब्द दोन शब्दांचा, आ पेना, कष्टाने, यातनेने. मोठ्या मुश्किलीने जे होतं ते.

"मग खरवडा कसं? लगेच, नुकतंच की जेमतेम?"

"संदर्भाने ठरवायचं."

"गुरुजी, संदर्भाने मी दोन ठार केल्या."

शिक्षकांनी चष्मा पुसला. "तुमच्या वाक्यात बहुतेक तिसरा अर्थ. थोडंसं."

"बहुतेकने चालत नाही हो. आणि थोडंसं म्हणजे किती? माझ्या वहिनीचं थोडंसं आणि माझं थोडंसं यात अख्खं पातेलं असतं."

एखादीने तिसरा अर्थ घेऊन काम सुरू केलं असतं. चूपताईला ते पटेना. जो शब्द एका तोंडाने लगेच म्हणतो आणि दुसऱ्या तोंडाने हळू म्हणतो, त्याच्या मनात आहे तरी काय, हे तिला हवं होतं. ती त्या शब्दाला सुरासारखी बसवून बघू लागली. जेमतेम खरवडा. यात कंजुषी होती. किंचित खरवडा. हे औषधाच्या बाटलीवर शोभलं असतं. ओझरतं खरवडा. जवळ आलं, पण ओझरत्याला लक्ष नसतं, आणि म्हाताऱ्याने तर ओळ दोनदा अधोरेखित केली होती. हातचं राखून खरवडा. यापाशी ती दोन दिवस थांबली. बरं होतं. पण मग मेण वितळताच, त्याचं काय? तिथे हातचं काय राखायचं?

दहा दिवस गेले. मास्तर रोज सकाळी फिरायला जाताना खिडकीच्या काचेवर काठीने टक्‌ करत. ताई मान हलवे, नाही. मास्तर पुढे जात.

अकराव्या दिवशी दुपारी तिने बिघडलेल्या दोन जिभांपैकी एक टेबलावर घेतली. आधीच गेलेली, तिला काय होणार. ओझरतं, जेमतेम, किंचित, असे तिन्ही ओरखडे ती तिच्यावर देऊन बघत होती. किर्र, किर्र, खर्र. आतल्या खोलीतून आरोळी आली.

"अहो वन्सं, आत्ता कुठे डोळा लागला होता माझा."

"दुपारी एवढा वेळ झोपलीस, अजून किती?"

"कुठे एवढा वेळ? आत्ता कुठे लागला म्हणतेय ना. लागला न लागला तोच तुमची किरकिर."

चूपताईचा हात हवेत राहिला. ती उठली, आतल्या खोलीच्या दारात गेली.

"वहिनी, परत म्हण."

"काय परत म्हण?"

"आत्ता काय म्हणालीस ते."

"किरकिर म्हणाले. लागलं का मनाला?"

"त्याच्या आधी."

वहिनी उठून बसली. तिला वाटलं नणंदेचं डोकं फिरलं. "आत्ता कुठे डोळा लागला होता."

"म्हणजे झोप लागली होती की नव्हती?"

"लागली होती. पण लागली काय म्हणायची ती? म्हणजे, लागायला सुरुवात झाली होती. पाय पाण्यात घातला आणि तुम्ही ओढून काढलंत."

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य. आत्ता कुठे. त्यात नुकतंच होतं आणि जेमतेमही होतं, दोन्ही एकाच घासात, आणि वहिनीला त्यासाठी कोश लागला नव्हता. झोप आली, पण काठावरच. मेण वितळलं, पण आत्ता कुठे. त्याच्या पुढे एक क्षण गेला तर ते वेगळं मेण. पोचतो, आत्ता कुठे उंबऱ्यात पाय, आणि फोन. म्हातारा तिला घाई कर म्हणत नव्हता आणि कंजुषी कर म्हणत नव्हता. तो एक जागा दाखवत होता, जिथे गोष्ट घडायला लागते आणि तिथेच थांबायचं असतं.

"मी झोपू का आता?" वहिनी म्हणाली.

"झोप. मी फोन करून येते."

"कुणाला?"

"इटलीला."

वहिनीची झोप पुरती उडाली.

अर्थ सापडला होता, माप राहिलं होतं. नाक्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात परदेशी फोन लागायचा. ताई तीन वाक्यं कागदावर लिहून घेऊन गेली, शिक्षकांकडून तपासून. वहिनी सोबत, कारण इटलीला फोन लागताना बघायचा तिला पुन्हा योग येणार नव्हता. पलीकडे सून आली, मग खूप वेळ पावलं, खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि मग एक जुना, फाटक्या भात्यासारखा श्वास.

ताईने पहिलं वाक्य वाचलं. पलीकडे काही नाही. सून मोठ्याने काहीतरी सांगत होती; म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. ताईने कागद खाली ठेवला आणि आपल्या कामाच्या आवाजात, जसं दुकानात चूप म्हणे तसं, दोनच शब्द टाकले. "अप्पेना. कोमे?" अप्पेना, कसं?

पलीकडून मग हसणं, लांबलेलं, खोकल्यात संपणारं. मग खण उघडल्याचा आवाज.

"लाइन गेली का हो?" वहिनी म्हणाली.

"चूप."

खर्र. पोलादावर पोलाद. म्हातारा म्हणाला, "नो." किर्र, आधीपेक्षा बारीक. "नो." मग काहीच नाही. नुसता श्वास. आणि एकदम म्हातारा खुशीत म्हणाला, "एक्को. अप्पेना." हे बघ, अप्पेना.

ताईला काही ऐकूच आलं नव्हतं. तिने पुन्हा मागितलं. डॉक्टरांनी पंखा बंद केला. बाकावरच्या रुग्णांनी खोकले गिळले. तिने डोळे मिटले, फोन कानात रुतवला. आणि या खेपेला तो आला, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सरकावं इतका. आवाज म्हणावा तर आवाज, नाहीतर भास. म्हाताऱ्याला स्वतःला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो बोटाने ऐकत होता.

"ग्रात्सिये," ताईने आभार मानले. तिने फोन ठेवला, आणि तीन वाक्यांपैकी दोन कागदावरच राहिली.

परतल्यावर ती लगेच टेबलाशी बसली नाही. दोन दिवस त्या मेलेल्या जिभांवर हात बसवला. मग पहिली खरी जीभ. आधी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग ओरखणी टेकली न टेकली अशी फिरवली, आणि भात्यावर पाय. फरक पडला आहे की नाही हे तिचं तिलाच सांगता येईना इतका पडला होता. बोटाच्या उबेनेही पोलादाचा सूर हलतो, म्हणून प्रत्येक ओरखड्यानंतर ती जीभ गार होईपर्यंत थांबे. गार झाली की पुन्हा ऐके. एका जिभेला चाळीस-चाळीस ओरखडे लागले आणि एक जीभ उरकायला दीड दिवस. वडील इतकंच सावकाश काम करत. फक्त त्यांनी त्याला नाव दिलं नव्हतं.

शब्द मात्र घरात मुक्कामाला आला. वहिनी म्हणे, "वन्सं, चहात साखर अप्पेना घातलीय, तक्रार नको." पाहुणे यायचे म्हटलं की, "येऊ देत, पण अप्पेना." एकदा शेजारीण तासभर बोलून गेल्यावर वहिनी म्हणाली, "काय बाई आहे. तोंड अप्पेना उघडलं आणि बंदच होईना."

"तिथे चुकलीस," ताई म्हणाली.

"का? तोंड आत्ता कुठे उघडलं होतं, बंद का होईल?"

ताईने विचार केला. "बरोबर आहे तुझं."

"मला काय कोश लागतो?" वहिनी म्हणाली आणि त्या दिवसापुरती जिंकली.

पहिल्या तारखेला दुपारी दुकानाला पुन्हा कुलूप लागलं. मास्तर पुढे, पाठीवर बाजा. मागे चूपताई, कामाचा एप्रन काढायला विसरलेली. वर्गाच्या दालनात लाकडी जमीन, भिंतभर आरसे, कडेला मुलींचे जोडे एका रांगेत. कोपऱ्यात स्टुलावर ते यंत्र, वर स्वच्छ फडकं घातलेलं. नाचाच्या बाई उंच, ताठ, केस ओढून बांधलेले. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली आणि यंत्राच्याच शेजारी दिली. मुद्दाम दिली असंही नाही. जागाच तेवढी होती.

मास्तरांनी पट्टा खांद्यावर चढवला, भाता उघडला आणि खालच्या सुरांनीच सुरुवात केली. लपवण्यासारखं काही असेल तर ते आधीच कळू दे, असा त्या माणसाचा स्वभाव. सहाही जिभा एकामागून एक बोलल्या. मुली पायांच्या टोकांवर उभ्या राहिल्या. ताई दाराजवळ भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, मान कलती करून उभी होती. पाऊण तास ती तशीच होती. मुलींना वाटलं या नव्या बाई उभ्याउभ्या झोपतात.

वर्ग संपल्यावर नाचाच्या बाई घाम टिपत यंत्रापाशी आल्या. फडक्यासकट ते उचललं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. "मास्तर, उद्या पाच मिनिटं आधी या," त्या म्हणाल्या. "मुली सरावाआधी अंग मोकळं करतात, तेव्हाही काहीतरी वाजलेलं बरं." आणि जोडे घालणाऱ्या मुलींवर ओरडायला निघून गेल्या.

मास्तरांनी बाजा मांडीवर घेऊन भात्याची कडी लावली.  ताई जवळ आली.

"एक विचारू?" ते हळूच म्हणाले. "चौथी. चौथी जीभ जरा चढी आहे."

"आहे."

"तुला माहीत होतं?"

"काल रात्रीपासून."

"मग उतरव की. ओरखणी खिशात असेलच तुझ्या. एक ओढ."

ताईने खिशात हात घातला खरा, पण हात बाहेर काढला तो रिकामा. तिने बाजाच्या त्या बाजूवर, जिथे आत चौथी जीभ होती, तळवा ठेवला.

"आत्ता कुठे बोलायला लागलीय ती, मास्तर, आता ती माझी राहिली नाही. तुम्ही रोज वाजवा, वाजून वाजून ती आपली आपण उतरेल. महिनाभरात नाही उतरली तर दुकानात या, आणि मी काय म्हणते ते न ऐकता आधी मला चांगल्या चार शिव्या द्या."